माझ्याआधी निघालेलं गाठोडं

फायदे

परदेशी नोकरीला एजंटाशिवाय, ओळखीशिवाय, अगदी एकटीच्या जिवावर जाण्याचा पहिला फायदा म्हणजे कुणाचे उपकार डोक्यावर राहत नाहीत. दुसरा फायदा असा की

("कुणाशी बोलतेयस?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. मी म्हटलं, लिहितेय. "मग तोंडाने कशाला?" दुसरा फायदा तिथेच राहिला, तो पुन्हा आठवला नाही.)

मी शशिकला. पनवेलला एस.टी. स्टँडजवळच्या एका लॅबमध्ये मी चौदा वर्षं लोकांचं रक्त तपासलं. दोन हजार नऊ साली मस्कतच्या एका दवाखान्याला लॅब टेक्निशियन हवी होती. मी सायबर कॅफेत बसून अर्ज केला, फोनवर मुलाखत दिली आणि नोकरी मिळवली. पगार चांगला होता, पण ते कारण मी लोकांना सांगायचे. खरं कारण कुतूहल. जिथे मला कुणीच ओळखत नाही तिथे मी कशी वागते, हे मला पाहायचं होतं. पनवेलमध्ये कशी वागते ते छत्तीस वर्षं पाहून झालं होतं.

अडचण एकच होती. आईने "जाऊ नको" म्हटलं नाही आणि "जा"ही म्हटलं नाही. बातमी सांगितली तेव्हा ती भेंडी चिरत होती. "बरं," म्हणाली आणि आणखी बारीक चिरायला लागली. आम्ही घरात दोघीच. ती "जा" म्हणाल्याशिवाय माझा पाय निघणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं. म्हणून तेवढं सोडून आम्ही बाकी सगळ्याविषयी बोलत होतो.

तोटे

हा रकाना मी रिकामा ठेवणार होते. तो आमच्या सोसायटीने भरून दिला.

सुरुवात चेअरमन काळूराम म्हात्र्यांनी केली. बेलपाड्याला त्यांची जमीन होती, ती सरकारी प्रकल्पात गेली, त्या बदल्यात भूखंड आला आणि भूखंडामागून पांढरी जीप आली. तेव्हापासून ते सोसायटीतल्या कुणालाही एकटं सोडत नाहीत.

"शशीताय, तुमी एकट्या जाताव, ठीक हाय. पन तिकडं पानी रोज येतं का?"

मी म्हटलं, येत असावं.

"असावं नाय चालत. बिल्डिंगचा चेअरमन कोन हाय, इचारून घेतलाव?"

मी नव्हतं विचारलं. आजवर जगातली कुठलीही इमारत मला चेअरमनसकट दिसली नव्हती. त्या रात्रीपासून मात्र मस्कतचे चेअरमन माझ्या डोळ्यांसमोर येऊ लागले. सगळे काळूरामसारखेच दिसत, फक्त पांढरा झगा घातलेले.

मग पासपोर्टच्या पोलीस चौकशीला हवालदार आले. "याआधी परदेशी गेला होतात?" नाही. "मग आता का जाताय?" आधी गेले नव्हते म्हणून. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि खिशातून स्वतःचा रक्ताचा रिपोर्ट काढला. "मॅडम, ही शुगर जास्त आहे का?" जास्तच होती. मी त्यांना भात कमी करायला सांगितलं. त्यांनी मला परदेशी पुरुषांवर विश्वास ठेवू नका असं सांगितलं. दोघांचीही चौकशी समाधानकारक झाली.

एका कार्यालयात (नाव सांगत नाही, मला तिथे पुन्हा जावं लागणार आहे) खिडकीमागच्या गृहस्थांनी सोबतच्या व्यक्तीची सही मागितली.

"सोबत कुणी नाही. मी एकटी जातेय."

"मग त्यांची सही आणा."

"कुणाची? जो सोबत येत नाहीये त्याची?"

त्यांनी विचार केला. मुद्दा त्यांना पटला असावा, कारण आवाज खाली आणून म्हणाले, "कोणाचीही चालेल."

सही दिली तळमजल्यावरच्या शकीलचाचांनी. ते वीस वर्षं मस्कतला होते. आता दिवसभर टीव्हीसमोर बसतात आणि टीव्हीतल्या माणसांना उत्तरं देतात. अशा रीतीने कुणाचेही उपकार न घेता जाणाऱ्या माझ्यावर पहिला उपकार नोंदला गेला.

दुसरा उपकार त्यांच्या बायकोने, झुबेदाचाचीने केला, पण तो उलट्या दिशेने. तिचा मुलगा झुबेर मस्कतलाच नोकरीला. गल्फला माणसं पाठवणाऱ्या घरांचा एक नियम असतो, तो मला तोवर माहीत नव्हता. जाणारा माणूस हा जाणारा माणूस नसतोच, तो जाणारी बॅग असतो. पनवेल-उरणमधून कुणीही निघो, त्याच्या हाती दहा घरांचं सामान जातं आणि त्यात नाही म्हणायची पद्धत नाही. चाचीच्या दिवाणावर अशा पुड्यांचा ढीग कायमचा असे आणि दारामागे हुकाचा वजनकाटा टांगलेला.

"बेटा, झुबेरसाठी थोडे सोडे. वजनच नाही त्याला. वाळलेले तर आहेत."

मग सोड्यांना सोबत म्हणून मसाला. मसाल्याची बरणी फुटू नये म्हणून भोवती चादर. चादर रिकामी कशी द्यायची, म्हणून तिच्यात खजूर. मी विचारलं, "चाची, मस्कतला खजूर?" ती म्हणाली, "असतात गं. पण ते घरचे कुठे असतात?" काट्याला बॅग टांगली तर काटा तळाला गेला आणि वर यायला तयार होईना. मी माझे दोन ड्रेस काढून ठेवले.

तोटे (मागील पानावरून)

तिकीट दवाखान्याने पाठवलं, सोमवारचं. आईने कॅलेंडरचं पान उलटलं आणि चष्मा काढून ठेवला.

"सोमवारी अमावास्या आहे."

"आई, विमान कंपनीला कसं सांगणार?"

"कशाला सांगायचं? प्रस्थान ठेवू."

ज्यांच्या घरात हे राहिलेलं नाही त्यांच्यासाठी: निघायचा दिवस वाईट असला, की आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. सोबत मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. म्हणजे तुम्ही त्याच दिवशी निघालात असं धरलं जातं. पुढे खरं निघताना ते गाठोडं उचलून जायचं. ग्रहांना ही तडजोड कुणी आणि कशी पटवली, याचं मला फार कुतूहल आहे. कार्यालयातल्या त्या गृहस्थांपेक्षा ग्रह समजूतदार म्हणायचे.

गाठोडं ठेवायचं घर प्रवासाच्या दिशेला हवं. मस्कत पश्चिमेला. आमच्या इमारतीत पश्चिमेला चाचीचंच घर आणि त्या घरचा माणूस मस्कतला जाऊन धडधाकट परत आलेला. आईला याहून चांगलं घर मिळणार नव्हतं. शुक्रवारी सकाळी ती खाली गेली, गाठोडं चाचीच्या दिवाणावर ठेवलं, "सोमवारपर्यंत राहू दे" म्हणाली आणि वर येऊन आंघोळीचं पाणी काढायला लागली. मला तिने हे सांगितलं, पण गाठोड्यात काय बांधलं ते सांगितलं नाही. मला वाटलं, साडी असेल.

फायदा, पण कुणाचा ते ठरायचंय

त्याच दुपारी काळूराम वर आले. सोसायटीच्या फाटकावर माझा फ्लेक्स लागणार होता.

"सगला तयार हाय. फकस्त तुमचा फोटो पायजे."

नमुना त्यांनी मोबाईलवर दाखवला. वर विमान. मध्ये स्वतः काळूराम, कानाला फोन लावून बहुधा मस्कतशीच बोलताना. खाली कोपऱ्यात एक गोल, त्यात माझा चेहरा यायचा होता. गोल रुपयाच्या नाण्याएवढा होता.

"जरा लहान नाही का?"

"तुमी चालल्याव ताय, आमी हिकडंच हाय. दिसायला कोन पायजे?"

मी फोटो आणायला उठले. फोटो मी पासपोर्टच्या आत ठेवले होते आणि पासपोर्ट कपाटाच्या खणात. खण उघडला. खणात फोटो होते, पासपोर्ट नव्हता.

"आई, पासपोर्ट कुठाय?"

"प्रस्थानात."

"पासपोर्ट? प्रस्थानात साडी ठेवतात!"

"साडी ठेवून काय होणार? साडी नेसून तू मंडईतही जातेस," आई म्हणाली. "पासपोर्ट घेऊन दुसरीकडे कुठे जातेस?"

मी खाली धावले. मागून काळूराम, त्यांच्या मागून आई. चाचीचा दिवाण रिकामा होता. त्याला गादी आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"गेलं ना सगळं!" चाची खुशीत म्हणाली. "आमचा शाहीद आला होता सकाळी, उरणजवळच्या मोऱ्याचा पुतण्या. आज रात्रीच्या विमानाने चाललाय. त्याच्या बॅगेत जागा होती. तुझंही गाठोडं त्यालाच दिलं, बेटा. तुझ्या बॅगेवर मीच एवढं ओझं टाकलं, मला रात्रभर झोप नव्हती. म्हटलं पोरीचं तेवढं तरी हलकं होईल. तिकडे झुबेर देईल तुला."

आई खाटेवर बसली. शकीलचाचांनी टीव्हीचा आवाज कमी केला. या घरात तो क्षण किती गंभीर मानला जातो हे मला चाचीच्या चेहऱ्यावरून कळलं.

"काय होतं गं त्यात?" तिने विचारलं.

मी सांगितलं. चाचीने दोन्ही हात गालांना लावले. "या अल्ला. आणि मी त्याला म्हटलं, हळूच ठेव, आत नारळ असेल."

शाहीदला फोन लावला. त्याच्या भावाने उचलला. "भाईजानने सिम मलाच दिलं. तिकडे काय करणार त्याचं? ते मोरा बंदरावर गेले, लाँचने मुंबईला जाणार."

काळूरामांनी जीपची किल्ली बोटावर फिरवली. इतका आनंदी माणूस मी त्या महिन्यात दुसरा पाहिला नव्हता.

एकटीने प्रवास: काही निरीक्षणं

माझा पहिला स्वतंत्र प्रवास पनवेलहून मोऱ्याला झाला. पुढे चेअरमन, मागे चाची, मांडीवर चाचीने घाईत घेतलेला पाण्याचा थर्मास. कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेत जीप थांबत होती, निघत होती. मी घड्याळ पाहत होते.

"घाबरू नका," काळूराम म्हणाले. "अवस जवल आलीय. या दिसांत ओहोटी जबर असते. बंदरात गाल साचलाय, लाँच चिखलात बसली असंल. पानी चढंपरेंत कोन हलत नाय."

मला पहिल्यांदाच अमावास्येविषयी आपुलकी वाटली.

मग ते गप्प झाले. ते त्यांना पेलेना.

"ताय, एक इचारू? राग नका मानू. पासपोर्ट कुनी गाठोड्यात बांधतं का? आयनं मुद्दाम तं नाय केला?"

"काय बोलताय भाऊ!" चाची मागून म्हणाली.

"मी माजा सांगतो. मी बोटीवर नोकरीला चाललो होतो. कागद झाला, सगला झाला. जायच्या दिशी आयनं माजी प्यांट भिजत घातली. एकच प्यांट होती."

"मग?"

"मग काय? बोट गेली. मी चेअरमन झालो."

चाची हसली. मलाही हसू आलं, पण ते अर्ध्यावर थांबलं. गेल्या दोन महिन्यांत आई मस्कतविषयी जे जे बोलली होती ते मला आठवायला लागलं. तिथे ताप आला तर कोण बघेल. तिथे तुझ्याशी मराठीत कोण भांडेल. तिथली भेंडी कशी असेल. ती "जा" म्हणाली नव्हती, आणि कदाचित पासपोर्ट बांधून ठेवणं हीच तिची "जाऊ नको" म्हणायची रीत असेल. तसं असेल तर पासपोर्ट मिळून उपयोग नव्हता. ट्रेलर सरकला तेव्हा मनात आलं, लाँच गेलेली असली तर बरंच. निदान आईला काही विचारावं लागणार नाही.

लाँच गेली नव्हती. ती चिखलात तिरकी बसली होती आणि धक्क्यावर सगळे प्रवासी जणू तिच्या आजारपणाला भेटायला आल्यासारखे उभे होते. शाहीद स्वतःच्या बॅगेवर बसून शेंगा खात होता. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, पायांत नवे बूट.

"चाची? तू इथे कशी? झुबेरचं काही राहिलं का?" त्याने विचारलं, आणि सवयीने बॅगेत जागा आहे का ते हाताने दाबून पाहिलं.

चाचीने सांगितलं. शाहीद बॅगेवरून असा उठला जणू आत साप आहे.

"दुसऱ्याचा पासपोर्ट? माझ्या बॅगेत? चाची, मी मस्कतला चाललो होतो, तू मला तुरुंगात पाठवत होतीस!"

"अरे, मला वाटलं नारळ आहे."

बॅग निळ्या नायलॉनच्या दोरीने आडवी-उभी बांधलेली होती. काळूरामांनी खिशातून चाकू काढला. शाहीद आडवा आला. "दोरी कापायची नाही. एअरपोर्टवर दुसरी कुठून आणू?" मग चौघं मिळून गाठी सोडवायला लागलो. गाठी सुटेपर्यंत अर्धा धक्का आमच्याभोवती जमला आणि प्रत्येकाला कोणती गाठ आधी सुटेल ते माहीत होतं.

आतून अर्धं मोरा निघालं. सुकट, आंबोशी, एका बाळाचा पायाच्या ठशाचा कागद, कुणाचा जुना चष्मा, वर्तमानपत्रात गुंडाळलेली कुकरची शिट्टी. मला राहवेना.

"तिकडे शिट्टी मिळत नाही?"

"मिळते, ताई. आमच्या रूमवर नवा कुकर आहे. पण याकूबभाई म्हणतो त्याची शिट्टी घरासारखी वाजत नाही. त्याने बायकोकडून हीच मागवली."

"आणि बायकोच्या कुकरला?"

"तिला नवी दिलीय. ती आता वैतागलीय."

मी त्याला आणखी विचारत गेले. बॅग उपसताना तो सांगत होता. मस्कतला तो एसी दुरुस्त करतो. शुक्रवारी सुट्टी, दुपारपर्यंत झोपतो. "उठलो की कुठे चाललास, काय खाल्लंस, कोणी विचारत नाही. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, जन्नत. मग एका शुक्रवारी मीच मेडिकलवाल्याला सांगितलं, आज मी कोळंबी केली. तो म्हणाला, अच्छा. त्यानेही सांगितलं त्याने काय केलं. आता दर शुक्रवारी सांगतो आम्ही एकमेकांना. बांगलादेशी आहे तो. त्याचं अर्धं कळत नाही मला."

"मग परत का जाताय?"

"त्याला सांगायला," शाहीद म्हणाला आणि हसला. "नाही, खरं सांगू? इकडे आलो की तिकडचं घर आठवतं. तुम्हालाही कळेल, दोन महिन्यांत."

गाठोडं अगदी तळाशी निघालं. आईच्या जुन्या पिवळ्या ब्लाऊजपीसचं. उघडलं. तांदूळ, सुपारी, हळकुंड, पासपोर्ट. शाहीदने तो उघडून फोटोशी माझा चेहरा ताडून पाहिला. मग काळूरामांनी पाहिला. मग धक्क्यावरच्या एका अनोळखी आजोबांनीही पाहिला आणि "हीच" म्हणाले.

मी आईला फोन लावला.

"मिळाला."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मी फोन कानाशी घट्ट धरला. आता ती काय म्हणेल त्यावर सगळं होतं आणि चेअरमन अंगाला अंग लावून ऐकत होते.

"गाठोडं घरी आणू नकोस," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"ठेवलेलं प्रस्थान घरात परत आणलं की जाणं मोडतं. तुला माहीत नाही?"

"मग ठेवू कुठे?"

"तुझ्याजवळच ठेव. आणि ते तुझ्या हातात आलंय म्हणजे आता तू निघालीस. तूही घरी येऊ नकोस."

"आई, आज शुक्रवार आहे. विमान सोमवारी आहे!"

"मग? लोक नाही का वाटेत मुक्काम करत?" तिचा आवाज एकदम चढला. "इतक्या खटपटीने गेलीयस ती परत यायला का? जा म्हणतेय ना मी!"

काळूरामांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुसरीकडे, समुद्राकडे. "तुमची आय येगली हाय," ते म्हणाले आणि जीपची किल्ली खिशात घातली.

पाणी चढलं, लाँच सरळ झाली. शाहीद दोरी पुन्हा बांधून चढला. जाताना म्हणाला, "सोमवारी एअरपोर्टवर झुबेर येईल, मी येईन, याकूबभाई येईल." मी म्हटलं, मी एकटीच— पण लाँचचं इंजिन सुरू झालं होतं.

मुक्काम

वाटेतला मुक्काम म्हणजे अर्थात चाचीचा तळमजला. माझ्या घराच्या दोन जिने खाली, पश्चिमेच्या अंगाला. चाचीने मला झुबेरची खोली दिली. माझी बॅग, माझे दोन काढून ठेवलेले ड्रेस, दात घासायचा ब्रश, सगळं आईने खाली पाठवलं. फाटकावर फ्लेक्स लागला, त्यात मी गोलात हसत परदेशी गेलेली होते आणि प्रत्यक्षात पडद्याआडून तो पाहत होते. येणारेजाणारे आईला विचारत, "पोचली का?" आई सांगे, "निघालीय."

शनिवारी वरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. मी मोजायच्या नाहीत असं ठरवलं आणि तिसरीनंतर गॅस बंद होण्याची वाट पाहत राहिले. आई तो बंद करायला विसरते, म्हणून ते माझं रोजचं काम होतं. चौथी झाली. पाचवी झाली. मी दारापर्यंत गेले. शकीलचाचा टीव्हीवरून नजर न हटवता म्हणाले, "बस, बेटा. होऊ दे." सहावीला गॅस बंद झाला.

रविवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. आई होती. चांगली साडी नेसलेली, हातात पिशवी. झुबेदाचाचीकडे ती आजवर कधी बेल वाजवून आली नव्हती. ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली. चाचीने सरबत दिलं. आईने खोलीभर नजर फिरवली, पंखा पाहिला, खिडकी पाहिली.

"जमतंय का इकडे?" तिने मला विचारलं.

"जमतंय."

"जेवण?"

"चांगलं आहे. तिखट जरा जास्त." मग मी विचारलं, "घरी कसं आहे?"

"ठीक." तिने पिशवीतून डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "काल भात करपला. आज नाही करपला. एकटीचा किती लावायचा ते कळलं आता."

मी डबा उघडून पाहिला. मग तिने घड्याळाकडे पाहिलं, सरबताचा पेला खाली ठेवला आणि उठली.

"येते. लांब जायचंय," आई म्हणाली आणि दोन जिने चढून वर गेली.